सायीच्या रंगाची दाढ

६ जानेवारी, मंगळवार

आटली! बरोब्बर आटली. सकाळी भट्टीचं दार उघडलं तेव्हा माझाच जीव मुठीत होता. झिर्कोनियाची, म्हणजे बिनधातूची कृत्रिम दाढ भट्टीत जाते तेव्हा खडूसारखी असते — भुसभुशीत, नखाने ओरखडा उठेल अशी, आणि खऱ्या दाढेपेक्षा चांगली थोराड. आठ तास तापते आणि पाचव्या हिश्शाने आटून बाहेर येते. मग हातोडीलाही दाद देत नाही. इतकी वर्षं मी धातू ओतला, पण हा चमत्कार धातूत नव्हता. धातू वितळतो, उसळतो, भांडतो. ही मुकाट्याने लहान होते. मला ती फार आवडते.

हत्तीचे खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे, म्हणतात. माझा सगळा जन्म खायच्या दातांत गेला. पुढचे दात करणारे भाव खाऊन जातात — नवऱ्या मुली, फोटो, कौतुक! मागच्या दाढांना कोण बघतं? पण आकार बघावा तर दाढेचाच. चार टेकड्या, मधे दऱ्या, दऱ्यांत बारीक पायवाटा. भिंगाखाली धरली की मी त्या वाटांनी कुठच्या कुठे चालत जाते. आज अर्धा तास गेले होते. चहा गार झाला.

आमचा माऊस आजपासून तीन आठवडे रजेवर. (दिवसभर हात संगणकाच्या माऊसवर, दाढांचे आकार काढतो, म्हणून माऊस. खरं नाव मालकिणीलाही आठवायला वेळ लागतो.) बहिणीचं बाळंतपण आहे. तो आकार काढतो, यंत्र कोरतं, आणि वरचा रंग माझा — काचेची पावडर, पाणी आणि ब्रश. शेड गाइड, म्हणजे सोळा रंगांचे खोटे दात लावलेली ती पट्टी, माझ्या ड्रॉवरमध्ये पडून असते. मला लागत नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसतं ‘ए-थ्री’ लिहावं. ए-थ्री मी पोटच्या पोरासारखा ओळखते. रंग पट्टीवर नसतो, डोळ्यात असतो!

हल्ली ऊन काय सुंदर पडतं. चार वाजता सगळी खोली मधात बुडवून काढल्यासारखी. ही वहीसुद्धा — पानं लोण्याच्या रंगाची. दिव्यांना तर कडी येतात, चंद्राला खळं पडतं तशी. इतका देखणा हिवाळा मला आठवत नाही.

हे सकाळी निघताना परत म्हणाले, “डोळे दाखवून ये.” दोन वर्षं हाच पाढा. मी म्हटलं, चष्मा बदलला की झालं. माझी सगळी करामत या दोन डोळ्यांवर उभी आहे — त्यांना कोणी हात लावायचा नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

एक दाढ परत आली. चिठ्ठी — “रंग जुळत नाही. निळसर.” निळसर! दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात पडदे निळे आहेत, त्यांची छटा पडली असेल.

११ जानेवारी, रविवार

हे खिडकीत बसून अक्रोड फोडत होते. दाढेने! म्हटलं, अहो, कारागिरी आहे ती माझी, उखळ नाही. तर हे एवढं तोंड उघडून हसले. वरची डावी दाढ उन्हात लख्ख दिसली. सायीच्या रंगाची. आयुष्यात एवढी चांगली दाढ मी दुसरी केली नाही.

तिची गोष्ट एकदा लिहून ठेवायलाच हवी.

हे रंगारी, भिंतींचे. तीस वर्षांपूर्वी आमची लॅब रंगवायला आले होते. भिंत झाली, आणि ती लांबून कशी दिसते ते बघायला हे मागे सरकले — एक पाय थेट जबड्यांचे साचे ओतायच्या माझ्या प्लास्टरच्या बादलीत! नुकतंच कालवलेलं प्लास्टर, पाच मिनिटांत दगड. पाय निघेना. मालकीण (तेव्हा ती मालकीण नव्हती, माझ्यासारखीच शिकाऊ) रडायच्या बेतात. मी छिन्नी-हातोडी घेऊन खाली बसले आणि सवयीने विचारलं, “वरचा जबडा की खालचा?”

हे त्या दिवशी जे हसले! अजूनही ती गोष्ट काढली की हसताना खुर्चीवरून घसरतात. त्याच आठवड्यात ह्यांची दाढ तुटली आणि मी धातूची कॅप करून दिली. लग्नाआधीच हिने माझ्या मुलाच्या तोंडात हात घातला, असं सासूबाई सगळ्यांना सांगायच्या.

पण धातू तो धातूच. कुणीतरी गिऱ्हाईक म्हणालं, “काय हो, तोंडात पत्रा बसवलाय?” त्या दिवसापासून ह्यांचं हसणं ओठांआड गेलं. अठ्ठावीस वर्षं मिशीखाली हसले. बादलीची गोष्ट सांगितली तरच काय ते तोंड उघडायचं. दोन वर्षांपूर्वी हिरडी काळी पडली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या धातू काढू या, तेव्हा मी ही दाढ केली. धातूचा कण नाही. चिठ्ठी नाही, पट्टी नाही — हा माणूस माझ्या डोळ्यांत इतकी वर्षं राहतोय, त्याचा रंग मी कुणाला विचारू? आठवणीतूनच केली.

बसवून आले त्या संध्याकाळपासून हे तोंडभर हसतात! दुकानात, जिन्यात, फोनवर, माझ्या भाजीत मीठ जास्त झालं तरी. शेजारीण म्हणाली, तुमच्या ह्यांना झालंय काय? मी म्हटलं, दाढ झालीय.

१५ जानेवारी, गुरुवार

लॅबमध्ये कॅमेरा आला. दातासमोर धरायचा, बटण दाबायचं, की रंगाचा आकडा. मालकिणीने सगळ्यांच्या दातांचे आकडे काढले. माझ्यापाशी आल्यावर मी तोंड मिटून घेतलं.

मग मला आतल्या खोलीत बोलावलं. दार लावलं म्हणजे काहीतरी होतं. म्हणाली, “हे बघ, गेल्या आठवड्यात दोन परत आल्या.”

“एक.”

“दोन. दुसरी तुला सांगितली नाही.”

एक बाई आहेत, पहिलीच्या वर्गाला शिकवतात. तोंडात चार दाढांवर जुन्या धातूच्या कॅप. त्यातलं निकेल त्यांना सोसत नाही. हिरड्या सुजतात, खाज सुटते, तोंडाला सतत नाणं चघळल्यासारखी चव. पाच वर्षं तोंडावर हात ठेवून शिकवतायत. आता चारही काढून बिनधातूच्या करायच्या, आणि डॉक्टरीणबाईंनी हातानेच रंगवलेल्या मागितल्यात. वर दोन, खाली दोन. ए-थ्री.

“या चार तुझ्या,” मालकीण म्हणाली. “पण या परत आल्या, तर रंगाचं टेबल कॅमेऱ्याचं. तू प्लास्टरला बसशील. मला आवडणार नाही, पण करावं लागेल.”

प्लास्टरला! जिथे पहिल्या दिवशी बसले होते तिथे. कानामागून आली आणि तिखट झाली ही डबी!

हे म्हणाले, “आधी डोळे दाखव, मग दाढा कर.” मी दोन दिवस बोलणार नाहीये त्यांच्याशी.

१६ जानेवारी, शुक्रवार

बोलले. चहात साखर विचारावी लागली.

२० जानेवारी, मंगळवार

पहाटे स्वप्न. मी एका प्रचंड दाढेवर राहते. चार टेकड्यांच्या मधे माझं घर. वरून साय पडतेय, संथ, आवाज न करता. मी ती ओंजळीत धरते आणि ब्रशने टेकडीच्या उतारांवर लावते. खाली कुठेतरी एक वर्ग भरलाय, मुलं कविता म्हणतायत, शब्द कळत नाहीत. सगळं पिवळसर, उबदार. उठावंसं वाटेना.

२२ जानेवारी, गुरुवार

चारही झाल्या. तीन दिवस मान वर केली नाही.

पावडर कालवायची ती दह्याइतकी दाट. ब्रशचं टोक ओठांनी नाही करायचं — मालकीण अजून त्यावरून ओरडते — पण हात आपोआप तोंडाकडे जातो. एक थर खालचा, मातकट. त्यावर दुसरा, जरा फिका. टेकड्यांच्या टोकांना जवळजवळ पारदर्शक. प्रत्येक थराला कागद टेकवून पाणी टिपायचं, नाहीतर भट्टीत बुडबुडे धरतात. आणि शेवटी दऱ्यांत तपकिरीचा एक केस. खऱ्या दाढेच्या दरीत आयुष्यभराचे चहा साठलेले असतात, ते विसरलं की दाढ खोटी दिसते.

पहिल्या भाजणीनंतर मला त्या फार पिवळ्या वाटल्या. ए-थ्री असा नाही. मग फिका थर वाढवला. परत भट्टी. तरी पिवळ्या. परत वाढवला. तिसऱ्या वेळी बरोबर आल्या — हुबेहूब साय! पावडरीचा हा डबाच पिवळसर निघालाय, मालकिणीला सांगायला हवं. दऱ्यांतला तपकिरीही पुसला थोडा, फार काळा दिसत होता.

खिडकीत ओळीने ठेवल्या आणि बघत बसले. चार वाजताचं ऊन त्यांच्या आत शिरून थांबलं होतं. धातूच्या कॅपवरून ऊन परत फिरतं. यांच्यात मुक्कामाला येतं.

२३ जानेवारी, शुक्रवार

गेल्या. आठवडाभर कच्च्या सिमेंटवर राहतील, पटल्या की पक्क्या.

३० जानेवारी, शुक्रवार

चारही परत.

बाई स्वतः आल्या होत्या लॅबमध्ये. लहानखुऱ्या, टापटीप, बोलताना हात तोंडाकडे. आधी हसतच सांगत होत्या — वर्गात फळ्याकडून वळल्या आणि पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “बाई, खडू खाल्लात?” मग सगळा वर्ग आठवडाभर खडू-खडू. सांगता सांगता हसू हाताआड गेलं. “पत्रा होता तेव्हा मी हात धरायचे. आता परत हातच धरायचा का?”

दाढा तळहातावर घेतल्या, खिडकीत नेल्या. सायच! मला सायच दिसत होती. मालकिणीने कॅमेरा धरला. आकडा आला तो ए-थ्रीच्या आसपासही नाही. पट्टीच्या बाहेरचा. इतका पांढरा दात माणसाला नसतोच म्हणे.

माऊस परवाच रजेवरून आलाय. तो कोपऱ्यात उभा, कान लाल. बाई गेल्यावर प्लास्टरच्या नळापाशी मला गाठलं.

“ताई, रागावू नका. चूक माझीच आहे.”

“तुझी कशी? तू तर रजेवर होतास.”

“म्हणूनच.”

मग बाहेर पडलं. वर्ष झालं — मी साडेपाचला घरी गेले की हा माझ्या दाढा काढतो, वरून पिवळ्याचा हलका हात, दऱ्यांत तपकिरी, आणि परत एकदा भट्टी. रोज. एक वर्ष! “तुम्हीच शिकवलं होतं ना, दरीत चहा सोडायला,” म्हणतो. मालकिणीलाही पत्ता नव्हता.

आधी संताप. कान उपटावेत असं वाटलं. मग बसले तिथेच, ओल्या स्टुलावर. वर्षभर मी जिच्यावर मिरवत होते ती कारागिरी या पोराने संध्याकाळी थांबून सावरलेली. आपलेच दात, आपलेच ओठ — सांगायचं कुणाला?

मालकीण म्हणाली, “बाईंना तात्पुरत्या कॅप घातल्यात. महिना थांबतील. तू सोमवारपासून प्लास्टरला. आणि डोळे दाखव. हे मी मालकीण म्हणून सांगत नाहीये.”

एक बरं. ह्यांची दाढ दोन वर्षांपूर्वीची. तेव्हा डोळे ठणठणीत होते. ती तेवढी सुटली!

३१ जानेवारी, शनिवार

घरी काही बोलले नव्हते. पण हे रंग वाचणारे — चेहऱ्याचाही वाचला. सकाळी चहा झाल्यावर कपाटातून रंगांची कार्डं काढली. दोन माझ्यासमोर ठेवली.

“यातला सायीचा कोणता?”

मी लगेच डावीकडच्यावर बोट ठेवलं. परीक्षाच घेताय का, म्हटलं.

ह्यांनी माझा हात धरून खिडकीशी नेलं, कार्ड उलटं केलं. मागे ह्यांच्याच अक्षरात — ‘निळीचा पांढरा. दवाखान्याचा जिना.’

“आणि उजवीकडचा?”

“तो सायीचा.”

तो मला मळकट पिवळा दिसत होता. जुन्या वर्तमानपत्रासारखा.

ह्यांच्याकडे माणसं दहा पांढऱ्यांतून एक निवडायला येतात. पांढरा हा रंग नाही, पांढरा हे नुसतं आडनाव आहे, घरात माणसं वेगवेगळी, असं हे त्यांना सांगतात. ह्यांच्या शब्दापुढे मी काय बोलणार? विचारलं, इतके दिवस का नाही दाखवली ही कार्डं?

“धीर झाला नाही,” म्हणाले. “तू दाढांबद्दल बोलायला लागलीस की काय दिसतेस, तुला माहीत नाही.”

रडले. अगदी हुंदके देऊन. मग दोघांनी मिळून डॉक्टरांची वेळ घेतली.

४ फेब्रुवारी, बुधवार

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. “चांगलेच पिकलेत काकू,” डॉक्टर म्हणाला — काकू म्हणे! माझ्यापेक्षा फार तर पंधरा वर्षांनी लहान असेल. डोळ्यातलं भिंग पिवळं-तपकिरी होत जातं, इतकं हळूहळू की माणसाला कळतच नाही. जग पिवळं दिसतं आणि माणूस म्हणतो, काय सुंदर ऊन आहे.

म्हणजे ऊन नव्हतं ते.

पुढच्या बुधवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन, महिन्या-दीड महिन्याने डाव्याचं. मी विचारलं, परत रंग करता येतील? म्हणाला, “डोळा स्वच्छ होईल. रंगांचं तुम्ही बघा.” रंगांचं मीच बघायचं! तीस वर्षं बघतेच आहे, आणि हा उजेड पाडलाय.

भीती वाटते. हात कापला असता तर एवढी वाटली नसती.

१० फेब्रुवारी, मंगळवार

प्लास्टर कालवताना मनगट दुखतं. तीस वर्षांत तेवढंच नवं कळलं.

संध्याकाळी मुद्दाम लवकर सुटले आणि रस्त्याने हळूहळू चालत आले. उद्यानंतर हे असं दिसणार नाही. खांबांवरचे दिवे लागले, प्रत्येकाला आपापलं कडं. लाँड्रीवाल्याच्या दुकानात टांगलेले सगळे शर्ट लोण्याचे. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, तिच्या दारातून उडणारं पीठ — सोनं! लोक आपले त्यातून खोकत जातायत. मला थांबून सगळ्यांना सांगावंसं वाटलं, बघा ना. पण ते फक्त मलाच दिसत होतं.

खोटं का असेना, फार छान होतं. मला त्याची आठवण येईल.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

निळा!!

डोळ्यावरची पट्टी काल काढली. नर्सचा गणवेश निळा आहे! मी आत शिरताना तो राखाडी पाहिला होता. आकाश निळं असतं हे माहीत होतं, दिसत नव्हतं. आणि ही वही! पानं लोण्याची नाहीत, पांढरीशुभ्र आहेत. मागची सगळी पानं उलटून पाहिली. शाई निळी आहे. मी काळी समजून लिहीत होते.

हे समोर उभे होते. म्हटलं, म्हातारे झालात हो! हसले. मिशीखालीच.

१५ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर एक खेळ. उजवा डोळा मिटला की मध. डावा मिटला की पाणी. एकच खोली, एकच खुर्ची, एकाच माणसाच्या दोन डोळ्यांत दोन घरं. मधातल्या घरात सगळं विरघळलेलं, कडा नाहीत. पाण्यातल्या घरात कोळिष्टकं आहेत, नळाखाली डाग आहे, माझ्या हातांवर शिरा आहेत. मी दोन्हींत आलटून पालटून राहते. डॉक्टर म्हणाला होता की डोळ्यांना आराम द्या. हा आरामच आहे.

हे मोठ्या कामावर जातात सध्या, रविवारीसुद्धा. आले की दमलेले असतात.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज रंगाच्या टेबलावर बसले. मालकिणीने फक्त त्या चार दाढांपुरतं दिलंय. “शेवटची संधी” असं ती म्हणाली नाही, पण कॅमेरा शेजारी आणून ठेवला.

आधी ड्रॉवर उघडला. परत आलेल्या दाढांचा डबा माऊसने जपून ठेवला होता. एकेक काढून उजव्या डोळ्याने पाहिली. देवा! खडू, फरशी, चुना. त्या चार तर तळहातावर ठेवल्या आणि लाजच वाटली. त्या उन्हात मी यांच्याकडे बघत बसले होते!

मग शेड गाइड काढली. फडक्याने पुसली. तिची चक्क माफी मागितली, माऊस बघत नाही असं पाहून. ए-थ्री पट्टीवर शोधला आणि हातात धरला. हाच का तो माझ्या पोटचा पोर! किती सावळा निघाला.

दर थराला पट्टी शेजारी. डावा डोळा मिटून. पावडरीचा तो डबा मुळीच पिवळसर नव्हता, बिचाऱ्याला उगाच बोल लावला. पहिल्या भाजणीतच रंग जवळ आला. दऱ्यांतला तपकिरी मी माऊसला सोडायला सांगितला. त्याचा हात हलका आहे. म्हटलं, वर्षभर चोरून केलंस, आज समोर बसून कर. त्याचे कान परत लाल.

३ मार्च, मंगळवार

जुळल्या!!!

बाई दवाखान्यात तपासणी करून थेट इथे आल्या. आरसा मागितला, गाल ओढून बघितलं, आणि म्हणाल्या, “यातल्या तुमच्या कोणत्या आणि माझ्या कोणत्या?” असं सर्टिफिकेट कॅमेरा देईल? बसवून चार दिवस झालेत, वर्गात कुणी काही बोललं नाही. एकही पोर नाही! पहिलीतल्या मुलांच्या नजरेतून सुटलं म्हणजे सुटलंच. जाताना त्या दारात वळून हसल्या. हात खालीच होता.

मालकीण म्हणाली, “कॅमेरा मोजेल, तू बघ. दोघं मिळून टेबल चालवा.” आणि डावा डोळा झाल्याशिवाय जास्तीचं काम नाही, असा दम दिला. प्लास्टरची बादली मी स्वतः धुऊन पालथी घातली.

पेढे वाटावेत एवढा आनंद. घरी आल्या आल्या ह्यांना सांगितलं. हे खूश झाले, माझे दोन्ही हात धरले — पण हसले ते परत ओठ मिटून. आता लक्षात येतंय, डोळ्यावरची पट्टी सुटली तेव्हापासून असंच चाललंय. जुनी सवय परत कुठून आली? म्हटलं, दाढ दुखतेय का? “नाही गं.” मग आ करा, बघू दे. तर म्हणाले, “दातांचं दुकान घरी नको,” आणि भांडी घासायला उठले. ह्यांना आपणहून भांडी घासताना मी कधी पाहिलेलं नाही.

माझ्यावर रागावलेत का? डोळ्यासाठी इतकं धावले, आणि आता मला दिसायला लागलं तर तोंड फिरवतात. काही कळत नाही. आनंदात हा एक खडा लागलाय.

८ मार्च, रविवार

दुपार. हे खुर्चीत झोपलेत. मान मागे, तोंड उघडं. खिडकीतलं ऊन सरळ आत पडलंय.

पाहिली.

निळसर पांढरी. दवाखान्याचा जिना. शेजारच्या दातांशी काही नातं नाही, न्हाणीघरातल्या फरशीचा तुकडा वाटतो. दहा पांढऱ्यांतून एक ओळखणारा माणूस — डॉक्टरीणबाईंनी आरसा दिला त्याच क्षणी कळलं असणार. ‘डोळे दाखवून ये’ तेव्हापासूनच सुरू झालं. आणि तोंडभर हसणंही तेव्हापासूनच. गिऱ्हाइकांसमोर, शेजाऱ्यांसमोर, दोन वर्षं. मला दिसायला लागलं त्या दिवशी ओठ मिटले.

नवी करून देईन, पट्टी धरून. हवी असेल तर.

आता चहा ठेवते. कपबशीच्या आवाजाने उठतीलच. उठले की डोळे चोळायच्या आत विचारणार — वरचा जबडा की खालचा?